तीन शाया आणि कोरा कागद : मिस्टिक नजरेत का भरते?

कागदावर निळ्या रंगाचा एक लांबट ठसा उमटवा. त्याच्या वरच्या कडेला तांबड्या रंगाचा जाड फराटा मारा आणि मधोमध पिवळ्याचे दोन ठिपके द्या. नाक नाही, ओठ नाहीत, हातपाय नाहीत. तरी अमेरिकन कॉमिक वाचणारा कुणीही ते बघून म्हणेल, ‘ही तर मिस्टिक!’

आता गोष्टीत ही बाई काय करते ते बघा. तिला हव्या त्या माणसाचं रूप घेता येतं. पुरुष, बाई, म्हातारा, पोर, कुणाचंही. चेहरा, आवाज, अंगावरचे कपडे, सगळं हुबेहूब. कुणाला ओळखू न येणं हेच जिचं बळ, ती चार फटकाऱ्यांत ओळखू कशी येते? हे कोडं माझ्या मनात बरीच वर्षं घर करून आहे. तिच्या दिसण्यातली सगळी ओढ या कोड्याच्या उत्तरात आहे, असं मला मनापासून वाटतं. ती देखणी आहे, रेखीव आहे, हे खरंच. पण तशा देखण्या खलनायिका कॉमिकमध्ये ढिगाने आल्या आणि विसरल्याही गेल्या.

आधी तिची थोडी ओळख करून घेऊ. मिस्टिक ही मार्व्हल कॉमिक्सची खलनायिका. जन्मतःच काहीतरी वेगळी शक्ती घेऊन आलेल्या माणसांच्या, म्हणजे म्यूटंटांच्या, ‘एक्स-मेन’ नावाच्या कथाविश्वात ती वावरते. तिचं रूप डेव्ह कॉक्रम या चित्रकाराने घडवलं आणि तिची गोष्ट ख्रिस क्लेअरमाँट या लेखकाने लिहिली. ‘मिझ मार्व्हल’ या मासिकाच्या एप्रिल १९७८च्या १६व्या अंकात ती ओझरती दिसली आणि दोन महिन्यांनी १८व्या अंकात पुरती समोर आली. चारचौघांत ती रेव्हन डार्कहोल्म, अमेरिकेच्या संरक्षण खात्यातली मोठ्या हुद्द्यावरची अधिकारी. दार लावून घेतलं की निळी कातडी, तांबडे केस आणि बुबुळं नसलेले सपाट पिवळे डोळे.

रूप पालटणारं पात्र शब्दांत आणणं सोपं आहे. ‘मग मारीचाने सोनेरी हरणाचं रूप घेतलं’ एवढं एक वाक्य पुरतं. चित्रात काय करणार? चित्रात नुसतं हरीण दिसतं. त्या हरणात मारीच आहे हे बघणाऱ्याला कसं कळावं, आणि रामाला मात्र कसं कळू नये? रूप बदलणाऱ्या प्रत्येक पात्रापाशी चित्रकार याच अडचणीत सापडतो. वेश इतका चोख हवा की गोष्टीतली माणसं फसावीत, आणि त्यात एक फट अशी हवी की वाचकाला आतलं दिसावं.

मिस्टिकच्या आधी या अडचणीवर बरेच तोडगे निघाले होते. जॅक कोल या चित्रकाराने १९४१ साली प्लास्टिक मॅन नावाचा नायक आणला. तो खुर्ची होतो, दिवा होतो, गालिचा होतो, पण त्याच्या पोशाखाचा लाल रंग आणि कमरेचा पिवळा-काळा पट्टा काही सुटत नाही. खोलीतली लाल खुर्ची शोधली की प्लास्टिक मॅन सापडला. मजा येते, पण असा माणूस हेरगिरीला काय कामाचा! पुढे १९६२ साली ‘फॅन्टास्टिक फोर’च्या दुसऱ्याच अंकात परग्रहावरचे स्क्रल आले. रूप पालटणारी ही अख्खी जमात. त्यांचं मूळ रूप हिरवं, हनुवटीवर खाचा पडलेल्या. वेश गळून पडला की बघणाऱ्याला किळस यावी, हा त्यामागचा हिशोब. १९६३ साली स्पायडर-मॅनच्या स्वतंत्र मासिकाच्या पहिल्या अंकात कॅमेलियन हा बहुरूपी आला. त्याचा खरा चेहरा म्हणजे पांढरा, कोरा मुखवटा. ज्याला कुणीही होता येतं तो मुळात कुणीच नाही. हा तोडगा मला तर्काला सगळ्यांत धरून वाटतो आणि डोळ्याला सगळ्यांत कोरडा. कोऱ्या चेहऱ्यावर नजर ठरत नाही, घसरून जाते.

कॉक्रमने याच्या बरोबर उलट केलं. जिला हजार चेहरे घेता येतात तिला त्याने स्वतःचा असा एक चेहरा दिला, की एकदा पाहिला की विसरता येऊ नये.

तो विसरता का येत नाही, हे कळायला जरा छापखान्यात डोकावावं लागतं. १९७८ साली हे अंक ३५ सेंटला मिळत. वर्तमानपत्राचा असतो तसा स्वस्त, पिवळटसर कागद, आणि त्यावर चारच शाया. निळी, किरमिजी, पिवळी आणि रेषांसाठी काळी. शाया एकमेकींत कालवून नवे रंग करायची सोय नव्हती. बारीक ठिपके छापायचे. ठिपके विरळ असले की रंग फिका, दाट असले की गडद, आणि ठिपक्यांशिवाय सलग छापला की पूर्ण. निळ्या, किरमिजी आणि पिवळ्या शाईच्या प्रत्येकी चार पायऱ्या धरायच्या. अजिबात नाही, पाव, अर्धी, पूर्ण. चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे ६४. कॉमिक रंगवणाऱ्याच्या हाती एवढेच काय ते रंग असत. गोऱ्या माणसाची कातडी म्हणजे साधारण पाव किरमिजी आणि पाव पिवळी. तपकिरी, राखाडी, मातकट छटा काढायच्या तर तिन्ही शायांचे ठिपके एकावर एक टाकायचे, आणि त्या कागदावर ते हमखास गढूळ व्हायचे.

आता मिस्टिककडे बघा. डोळे म्हणजे भरून छापलेली पिवळी शाई. केस म्हणजे पिवळ्यावर भरून छापलेली किरमिजी, त्यातून होणारा झळझळीत तांबडा. कातडीला मुख्यतः निळी. पोशाख पांढरा, म्हणजे तिथे शाईच नाही, कोरा कागद. आणि बाह्यरेषा काळी. छापखान्यात जे मूळ साहित्य असतं त्यातच तिचं सगळं रूप आटोपतं. शेजारी उभ्या असलेल्या माणसांचे कोट, भिंती, रस्ते गढूळ होतात; ती मात्र स्वच्छ, ताजी राहते. पान उलगडलं की डोळा आधी तिच्याकडे जातो, यात या साध्या यंत्रविद्येचा मोठा वाटा आहे.

दुसरी गोष्ट तर मला फारच सुंदर वाटते. संरक्षण खात्यातल्या रेव्हनबाईंची मिस्टिक करायची असेल तर रेषेला हातसुद्धा लावावा लागत नाही. तोच चेहरा, तीच मान, तोच हात. कातडीतले किरमिजी आणि पिवळे ठिपके काढायचे आणि तिथे निळे भरायचे. झालं रूपांतर. तिची जादू आणि छपाईची रीत एकच आहे.

या तीन रंगांना कॉमिकच्या जगात वजनही होतं. १९३८ साली सुपरमॅन आला तो निळा, तांबडा, पिवळा नेसून, आणि तेव्हापासून हे मूळ रंग नायकांचे ठरले. खलनायकांच्या वाट्याला हिरवा आणि जांभळा आला. जोकरचे हिरवे केस आणि जांभळा कोट आठवा, डॉक्टर डूमचा हिरवा झगा आठवा. मिस्टिक खलनायिका असूनही नायकांचे तिन्ही रंग घेऊन येते. फक्त त्यांच्या जागा तिने फिरवल्यात. नायकाच्या अंगावर निळा रंग कापडाचा असतो, घरी गेल्यावर उतरवता येतो. हिचा निळा कातडीचा आहे. नायक वेश चढवून रंगीत होतो, ही वेश उतरवून रंगीत होते.

त्यातही निळा रंग कॉमिकमध्ये अंधाराचं काम करायचा. काळ्याभोर केसांवरची चमक निळ्याने दाखवत, रात्रीची गल्ली निळ्याने भरत, सावल्या निळ्या टाकत. अमेरिकन वाचकाची नजर अशी घडलेली. त्याला ही बाई म्हणजे चालतीबोलती सावली वाटली तर नवल नाही. आपलं तसं नाही. आपण कॅलेंडरावरचा निळा कृष्ण बघत लहानाचे मोठे झालो, ‘घननीळ’ हा शब्द आपल्याकडे कौतुकाचा आहे. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या निळ्या कातडीची मला मुळीच भीती वाटली नाही. भीती वाटली ती नजर डोळ्यांपाशी पोचल्यावर.

त्या डोळ्यांबद्दल सविस्तर सांगायला हवं. माणसाच्या डोळ्यात बुबुळाभोवती पांढरा भाग चांगला ऐसपैस दिसतो, म्हणून समोरचा कुठे बघतोय ते आपल्याला लांबूनही कळतं. आपण ते सतत, नकळत वाचत असतो. कोण माझ्याकडे बघतंय, कोण नजर चुकवतंय, कुणाचं लक्ष दाराकडे आहे. मिस्टिकच्या डोळ्यात पांढरं नाही आणि बुबुळही नाही. सलग पिवळं. त्यामुळे ती नेमकी कुठे बघतेय ते कळायला काही मार्गच उरत नाही. मग मन सगळ्यांत वाईट शक्यता धरून चालतं, की ती माझ्याकडेच बघतेय. दोन रिकाम्या पिवळ्या आकारांतून एवढा धाक निर्माण होतो.

आणि ते डोळे एवढे पेटलेले का दिसतात? त्याचं उत्तर थेट एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये सापडतं. शेव्ह्रल नावाचे रसायनतज्ज्ञ तिथल्या गोबलॅं विणकामशाळेत रंगाईचे प्रमुख होते. काळा धागा हवा तेवढा काळा दिसत नाही, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी रंग तपासला तर रंगात खोट नव्हती. काळ्याच्या शेजारी जे रंग विणले जात होते, त्यांनी काळ्याचं रूप बिघडत होतं. यावर त्यांनी १८३९ साली मोठा ग्रंथ लिहिला. त्याचं सार एवढंच, की कुठलाही रंग एकटा दिसत नाही, शेजाऱ्यासकट दिसतो. आणि विरोधी रंग शेजारी आले की दोघंही एकमेकांना पेटवतात. आपल्याकडे ज्यांनी शाळेत असताना एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या त्यांनी रंगचक्र रंगवलेलं असेल. विरोधी रंगसंगती, उष्ण रंग, शीत रंग हे शब्द त्यांच्या ओळखीचे आहेत. मिस्टिकचा चेहरा म्हणजे शीत निळ्याच्या मधोमध उष्ण पिवळा आणि वरून उष्ण तांबडा. उष्ण रंग पुढे आल्यासारखे वाटतात, शीत मागे सरल्यासारखे. म्हणून चेहरा मागे राहतो आणि डोळे, केस पानातून बाहेर येतात.

पोशाखाकडे चित्रकारांनी पुढेपुढे जरा दुर्लक्ष केलं, याचं मला वाईट वाटतं. कॉक्रमने तिला दोन्ही बाजूंनी चिरलेला लांब पांढरा झगा दिला, पांढरे लांब हातमोजे, पांढरे बूट, कमरेला कवट्यांचा पट्टा आणि कपाळावर एक छोटीशी कवटी. मराठी माणसाची नजर त्या कवटीवर हमखास थबकते, कारण आपण जिथे कुंकू लावतो तिथेच ती आहे. जे सौभाग्याचं ठिकाण, तिथे मरणाची खूण. अमेरिकन वाचकाला हा अर्थ लागणार नाही, पण कपाळाचा मध्य हा नजर टिकण्याचा बिंदू आहे एवढं कुठल्याही देशातला चित्रकार जाणतो. पांढऱ्या झग्याचा आणखी एक फायदा. ती पळताना, वळताना, लाथ मारताना झग्याचा पुढचा पट्टा हवेत उडतो आणि स्थिर चित्रातही हालचाल दिसते. गर्दीच्या चौकटीत दहा माणसं एकमेकांवर तुटून पडलेली असली, तरी निळ्यावर पांढरं असं एवढं एकच शरीर असतं.

१९९०च्या दशकात अमेरिकन कॉमिकला बायकांची शरीरं फुगवून काढायची सवय लागली. कंबर मुठीएवढी, छाती अशक्य, पाठ कशीही वाकलेली. मिस्टिकही त्यातून सुटली नाही. ती चित्रं आज पाहिली की कळतं, शरीर जेवढं ओरडतं तेवढा चेहरा गप्प होतो. कुणाही नायिकेच्या धडावर निळा रंग फासला की ती मिस्टिक, अशी गत झाली. तिची ओढ अंगप्रदर्शनात होती असं मानणाऱ्यांनी ती पानं जरूर बघावीत. अंगप्रदर्शन तिथे भरपूर आहे, ओढ कुठेच नाही.

तिचं खरं नाट्य घडतं ते दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या पट्टीत. कॉमिकवाले या पट्टीला गटर म्हणतात. एका चौकटीत पहारेकरी दाराशी उभा आहे, पुढच्या चौकटीत त्याच जागी निळी बाई. मधे काय झालं ते कुणीच काढलेलं नाही. ते वाचकाच्या डोक्यात घडतं. बाकीच्या पात्रांसाठी ही पट्टी म्हणजे वेळ पुढे गेल्याची खूण असते, मिस्टिकसाठी ती कपडे बदलायची खोली आहे. कसलेला चित्रकार दोन्ही चौकटींत उभं राहण्याची ढब तीच ठेवतो, कोन तोच ठेवतो, म्हणजे वाचकाला दोघं एकच असल्याची खात्री पटते. कधीकधी रूपांतर अर्ध्यावर पकडतात. अर्धा चेहरा गोऱ्या माणसाचा, अर्धा निळा, मधली सीमा वितळल्यासारखी. आणि सर्वांत परिणामकारक युक्ती म्हणजे पान उलटण्याची. उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत एखादा गरीब बिचारा कारकून काहीतरी विचित्र बोलतो. पान उलटलं की डावीकडे वरच पिवळे डोळे. एकदा असं फसल्यावर वाचक पुढचा अख्खा अंक संशयाने वाचतो. प्रत्येक पानावरचा प्रत्येक माणूस निरखून बघतो. ती चित्रात नसते तेव्हाही आपण तिलाच शोधत असतो, असं भाग्य फार थोड्या पात्रांच्या वाट्याला येतं.

आपल्यापैकी बहुतेकांनी तिला आधी पडद्यावर पाहिलं. २०००च्या ‘एक्स-मेन’ चित्रपटात रिबेका रोमेनने ती साकारली. पडद्यावर कॉक्रमचा उपाय जसाच्या तसा चालला नसता. कागदावर सपाट निळा शोभतो, कारण तिथे सगळंच सपाट आहे; खऱ्या माणसाला सपाट निळा फासला तर तो रंग लावलेला माणूसच दिसतो. गॉर्डन स्मिथ यांच्या रंगभूषेने यावर खवल्यांचा उपाय शोधला. शंभराच्या वर सिलिकॉनचे तुकडे अंगावर चिकटवले जायचे आणि तयार व्हायला आठ-नऊ तास लागायचे. खवल्यांच्या कडांवर प्रकाश अडतो, सावल्या पडतात, आणि कातडी जिवंत वाटते. झगा गेला, लांब केसही गेले. केस ओले केल्यासारखे मागे चापून बसवले. पुढे जेनिफर लॉरेन्सनेही २०११च्या चित्रपटात हाच दिव्य प्रकार सोसला आणि २०१४च्या चित्रपटात अंगभर चढवायचा पोशाख आल्यावर तिची बरीचशी सुटका झाली.

पडद्यावर गटर नसतं, तेव्हा रूपांतर दाखवावंच लागतं. तिथे खवले कामाला आले. रूप बदलताना ते एकामागून एक उलटत जातात, वाऱ्याची झुळूक आली की शेतात लाट धावत जावी तसे. संगणकावर चेहरे एकमेकांत वितळवण्याची युक्ती तोवर जुनी झाली होती. या लाटेला मात्र दिशा होती, वेग होता, जवळजवळ आवाज होता. तरी २०००च्या त्या चित्रपटातला माझा सर्वांत आवडता क्षण लाटेचा नाही. शाळेतला एक साधा मुलगा ‘रोग’ नावाच्या म्यूटंट मुलीला पळून जायला सांगतो. ती जाते. मुलगा वळतो आणि क्षणभर त्याचे डोळे पिवळे होतात. बस्स. २२ वर्षं जुनी पिवळी शाई, आणि तेवढ्यावर अख्खं चित्रगृह दचकलं.

खवल्यांची मिस्टिक मला आवडते, पण झग्याची अधिक आवडते. चित्रपटातली उघडी आहे ती तर्काला धरून. कपडेसुद्धा ती स्वतःच्या शरीरातूनच घडवत असेल तर खऱ्या कपड्यांची तिला गरजच काय? झग्याची मात्र हौसेने नटते. जिला कुणाचंही रूप घेता येतं, ती एकटी असताना निळी राहते आणि वर कवट्यांचा पट्टा बांधते, म्हणजे हे रूप तिने निवडलंय. २००३च्या चित्रपटात नाइटक्रॉलर नावाचा म्यूटंट तिला विचारतो, तू कायम दुसऱ्यांसारखीच का दिसत नाहीस? आपल्याला तसं करायला लागू नये म्हणून, असं ती सांगते. तो प्रश्न विचारणारा स्वतः निळा आहे, शेपटीवाला आहे, त्याला तोंड लपवल्याशिवाय रस्त्यावर निघता येत नाही.

हा नाइटक्रॉलरही कॉक्रमच्याच हातचा, मिस्टिकच्या तीन वर्षं आधीचा, १९७५चा. गडद निळं अंग, सलग पिवळे डोळे. १९८१च्या सुरुवातीला ‘अनकॅनी एक्स-मेन’च्या १४२व्या अंकात दोघं पहिल्यांदा समोरासमोर आले. चित्रं जॉन बर्नची होती. नातं कुणी सांगितलं नाही, पण एकाच चौकटीत दोन निळे चेहरे आणि पिवळ्या डोळ्यांच्या दोन जोड्या आल्यावर वाचकांनी काय ते ओळखलं. कथेने ते उघडपणे मान्य केलं १९९४ साली: ती त्याची आई. तेरा वर्षं हे गुपित फक्त रंगांनी सांभाळलं होतं.

क्लेअरमाँटच्या मनात मात्र पहिल्यापासून वेगळंच होतं. मिस्टिकची जन्माची जोडीदार डेस्टिनी ही त्या पोराची आई आणि पुरुषाचं रूप घेतलेली मिस्टिक त्याचा बाप. तेव्हाच्या अमेरिकेत हे छापणं शक्य नव्हतं. २०२३च्या एका अंकात दुसऱ्या लेखकाने ते अखेर कथेत आणलं. जी इतकी वर्षं आई होती ती बाप निघाली, जिने जन्म दिला ती डेस्टिनी तर साध्या माणसाच्याच रंगाची. पोराचा निळा रंग आणि पिवळे डोळे मात्र दोन्ही गोष्टींत मिस्टिककडूनच आलेले आहेत.